कढईतला पाऊस

आमच्या गावच्या समजुतीप्रमाणे पाऊस ढगांच्या हातात नव्हताच, तो बायकांच्या हातात होता. एखादीनं कुरडया वाळत घातल्या की आभाळ भरून येणार. एखादीनं काथवट पालथी टाकली की आलेलं आभाळ निघून जाणार. तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसून केस विंचरले तर वावटळ सुटणार, आणि पोरीनं कढईत खाल्लं तर तिच्या लग्नात पाऊस पडणार. पुरुषांनी काही केल्यामुळं हवा बदलल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते मारुतीच्या पारावर बसून तंबाखू मळत, आभाळाकडं बघत आणि थुंकत. त्याचा पावसावर काही परिणाम होत नसे.

या शास्त्राचे गावातले सर्वांत मोठे जाणकार म्हणजे माझे चुलते, आप्पा. दादांचे थोरले भाऊ. शेत वेगळं झालं होतं, पण अंगण एकच होतं, त्यामुळं त्यांचं शास्त्र आम्हांला घरपोच मिळे. रोज सकाळी धोतराचा सोगा हातात धरून ते अंगणाच्या मध्यभागी उभे राहत, नाक वर करून हवेचा वास घेत आणि निकाल देत, "आज न्हाई." भर दुष्काळात एवढं सांगायला नाक लागत नाही. पण गाव त्यांना मानायचं. दोन-चार वेळा त्यांचं खरं ठरलं होतं, ते लोकांनी वर्षानुवर्षं पदराला बांधून ठेवलं होतं, आणि बाकी सगळ्या वेळा सपशेल चुकलं होतं, ते कुणाला आठवत नव्हतं. पुढं मी आष्टीला सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली. त्यात रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळकांड्यात ओतून, डोळ्यांच्या रेषेत धरून, आकडा लिहून ठेवायचं काम माझ्याकडं होतं. इतक्या वर्षांत त्या नळकांड्यानं मला कधी कुणाची कढई, कुणाचे केस किंवा कुणाचं नाक दाखवलं नाही. पण आप्पांना नळकांडं दाखवलं असतं तरी त्यांनी त्याचाही वास घेतला असता.

तर ती गोष्ट त्या वर्षाची, जेव्हा आमच्याकडं लोक रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी खात होते आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. आमचं गाव लिंबागणेशच्या अलीकडं, माळावरचं. त्या वर्षीचे आवाज मला अजून ऐकू येतात. दिवसभर दूरवरून हातोड्यांची टकटक यायची. विहिरीत पोहरा सोडला की पाण्याचा आवाज यायचा नाही, पोहरा खडकावर घासल्याचा यायचा, आणि तो आवाज आला की विहिरीभोवतीच्या बायका गप्प होत. माय, दादा आणि माझी थोरली बहीण आक्का कामावर जात. आक्काचं नाव शकुंतला, गावात शकी. ती तेव्हा नुकतीच मॅट्रिक झाली होती. गावातली मॅट्रिक झालेली पहिली पोरगी. तिचं अक्षर इतकं देखणं होतं की मुकादम तिच्याकडून हजेरी लिहून घ्यायचा आणि नंतर तिला खडीच फोडायला बसवायचा. मी अकरा वर्षांची. माझ्याकडं घर आणि शेळी.

घरात एक लोखंडी कढई होती, मायच्या माहेरची, जाड बुडाची. माय पहाटे तिच्यात हुलग्याचं पिठलं करायची. पिठलं म्हणजे काय, हुलग्याची आठवण असलेलं पाणी. पण पातळ असलं तरी बुडाला लागायचंच, आणि त्याची खरवड धरायची. तपकिरी, कुरकुरीत, मिठाला जरा चढी. त्या सबंध वर्षात आमच्या घरात चवीची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू होती. मिलोची भाकरी घशाखाली ढकलावी लागे, कामावर वाटलेली सुकडीची पूड तोंडात गोळा होऊन बसे. माय कामावर निघताना कढईत पाणी ओतून ती चुलीमागं सारायची. भिजली की संध्याकाळी घासायची म्हणून. सगळी गेली की मी ते पाणी शेळीला पाजायची, कढई मांडीवर घ्यायची आणि उलथन्यानं खरवडायची. आधी उलथनं, मग नख, मग जीभ. आज सत्तरीकडं झुकताना हे लिहायला लाज वाटत नाही. लाजेची गोष्ट पुढं आहे.

संध्याकाळी माय लखलखीत कढई बघायची आणि ओरडायची, "कुणी खाल्लं गं कढईत? लगनात पाऊस पडंल, वऱ्हाड वाहून जाईल!" मायचा हात कडक होता. माझ्या पाठीवर तिची बोटं उमटत. आक्कावर मात्र ती हात टाकत नसे. एक तर ती कमावती, आणि शिकलेल्या पोरीला मारताना मायचा हात आखडायचा. म्हणून आक्का दर वेळी खाली बघून म्हणायची, "मी खाल्लं." एकदा मी तिला विचारलं, दिवसभर तू घरी नसतेस, मायला एवढं कळत नाही? तर म्हणाली, "मायला समदं कळतंय. पर मी म्हणलं की तिला बी मारायला नको आन् तुला बी मार नको. गप खा."

हे दोघींत राहिलं असतं तर ठीक होतं. पण अंगणं लागून, भिंती कमरेएवढ्या. मायचं ओरडणं आणि आक्काचं कबूल करणं गल्लीभर ऐकू जायचं. विहिरीवर थट्टा सुरू झाली. शकीच्या लग्नाला होडी आणावी लागणार, शकीच्या लग्नात अक्षता भिजून भात होणार. आक्का स्वतःही हसायची. तिच्या डोक्यात लग्न नव्हतंच. तिनं नर्सबाईच्या शिक्षणासाठी अंबाजोगाईला अर्ज केला होता, आणि वैशाखाच्या शेवटी तिथून पत्र आलं. आषाढात अमुक तारखेला हजर राहावं, सोबत अंथरूण, ताट-तांब्या आणि दोन पांढऱ्या साड्या आणाव्यात. आक्कानं ते पत्र आम्हांला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज नर्सबाईसारखा झाला होता. एक पांढरी साडी तिला तिच्या शाळेतल्या बाईंनी दिली. दुसरीची विवंचना होती. दादांनी पत्र उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाले, "आप्पाला इचारू." दादा चांगले होते. चांगली माणसं काय कामाची असतात हे मी त्यांच्यावरूनच शिकले.

मृग कोरडा गेला आणि गाव पावसाच्या मागं हात धुऊन लागलं. आधी पोरांनी लिंबाचा पाला नेसून, मुसळाला बेडूक बांधून घरोघर फिरायचं झालं. बेडूक शोधायलाच दोन दिवस लागले, कारण बेडकांना आमच्यापेक्षा जास्त अक्कल होती आणि ती केव्हाच गेली होती. मग आप्पांनी महादेव कोंडायचा बेत काढला. देवाची पिंड पाण्यात बुडवायची, देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो. देवाशी वागायची ही आमची रीत. गावच्या विहिरीत पोहरा घासत होता, म्हणून बायकांनी अर्ध्या कोसावरच्या मळ्यातून घागरी वाहिल्या, आप्पा गाभाऱ्याच्या दारात उभे राहून मोजत होते. दोन दिवस घरात प्यायला मोजकं पाणी आणि देव गळ्यापर्यंत पाण्यात. तिसऱ्या दिवशी आमची शेळी दावं तोडून देवळात शिरली आणि पोटभर प्यायली. त्या आठवड्यात गावात शहाण्यासारखं वागलेला तेवढा एकच जीव. आप्पांनी तिला काठीनं बडवून बाहेर काढलं आणि पाऊस न येण्याचं कारण म्हणून तिचं नाव जाहीर केलं.

त्याच संध्याकाळी पारावर कुणीतरी टवाळी केली, "आप्पा, आता देवाचा नाद सोडा आन् शकीचं लगीन लावा. जल्मभर कढई चाटलीय तिनं." सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. दादा तिथंच होते, त्यांनी घरी येऊन मायला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात भीती होती. आप्पा हसले नाहीत म्हणजे आप्पा विचार करतायत, आणि आप्पांनी विचार केला की आमच्या घरात कुणाचं तरी काहीतरी जायचं.

चार दिवसांनी कामाला सुट्टी होती. दुपारी आप्पा अंगणात बाजेवर येऊन बसले. माय दारात, दादा उकिडवे जमिनीवर. आक्का समोर उभी. मी दाराच्या फळीमागं. आप्पांनी सिरसाळ्याकडचं एक स्थळ काढलं होतं. मुलगा धान्याच्या अडतीवर मापाड्याच्या हाताखाली होता, घर बरं होतं. ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त आठ दिवसांवर होता. सगळं ठरवूनच ते आले होते, विचारायची फक्त तऱ्हा होती.

"एका पोरीच्या लग्नानं चार गावचं भलं होणार आसंल, तर तिच्या बापानं मागं सरू नाही," आप्पा म्हणाले.

"आप्पा, लग्नानं पाऊस पडत न्हाई," आक्का म्हणाली. "तसं आसतं तर गेल्या साली काय कमी लग्नं झालती?"

"त्या पोरी कढईत खात न्हवत्या."

यावर दादांनी मान डोलावली. मला ती मान आजही दिसते. युक्तिवाद पटला की माणूस जशी डोलावतो, तशी.

"मला अंबाजोगाईला जायचंय. पत्र आलंय," आक्का म्हणाली.

"जाशील की. पाऊस पडला की नवऱ्याला घिऊन जा."

मग आक्का म्हणाली, "मी कधीच कढईत खाल्लं न्हाई."

"आगं, तूच म्हणायचीस की," माय म्हणाली. मायचा चेहरा पडला होता. तिला खरं ठाऊक होतं, पण आता ते बोलायचं म्हणजे दुसऱ्या पोरीचं नाव घ्यायचं.

"म्हणायचे. खाल्लं न्हाई."

"मंग खाल्लं कुणी?" आप्पांनी विचारलं. आक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, मुद्दाम दुसरीकडं बघत राहिली. आप्पांची नजर फिरत फिरत फळीशी आली. "इमल, हिकडं ये. तू खाल्लं का गं?"

आमच्या गल्लीतल्या सुंदरीचं लग्न बाराव्या वर्षी झालं होतं. ती माहेरी आली की कुणाशी बोलत नसे, नुसती भिंतीला टेकून बसे. माझ्या डोळ्यांपुढं ती भिंत आली. मी म्हणाले, "न्हाई." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हणाले, "आक्काच खायची. मी बघितलंय."

मी पाहिलं का, असं मला कुणीही विचारलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. माझी मुलगी म्हणते, आई, तू लहान होतीस. माझ्या वयाच्या बायका म्हणतात, तेव्हाचा काळच तसा होता. हे सगळं आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलायचं असतं. मला काळाचा दोष माहीत आहे आणि माझाही. आप्पा मूर्ख होते, दादा भित्रे होते, माय अडकलेली होती. मी मूर्ख नव्हते, भित्री मात्र दादांच्या वरताण होते, आणि त्या अंगणात खरं माहीत असूनही मुद्दाम खोटं बोलणारी मी एकटीच होते.

आक्कानं तेव्हा माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. घासायला घेतलेल्या कढईचं बूड गेलेलं दिसावं तसं. मग ती आत गेली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.

आठ दिवसांत लग्न लागलं. त्या लग्नाइतकं हास्यास्पद काही मी त्यानंतर बघितलं नाही, आणि मी सरकारी कार्यक्रम बरेच बघितलेत. हळदीला नवी साडी कुठून आणायची म्हणून मायनं शाळेच्या बाईंनी दिलेली पांढरी साडी हळदीच्या पाण्यात बुडवली. पिवळी झाली, पण डागाडागांनी. स्वयंपाकाच्या जळणासाठी आप्पांनी ओढ्याकाठचं शेवटचं आंब्याचं झाड तोडलं. त्या ओढ्याला एके काळी दोन्ही अंगांना झाडी होती. आप्पा आणि त्यांच्यासारखे चौघे आज एक फांदी, उद्या एक खोड करत ती संपवत आले होते. पाऊस आणायच्या लग्नाला शेवटचं झाड जाळलं आणि यात काही वावगं आहे असं एकाही जाणकाराच्या नाकाला समजलं नाही.

चार गावांत खबर गेली होती. लोक आले ते आहेर घेऊन नाही, भांडी घेऊन. घागरी, बादल्या, कळशा, एकानं तर गुळाची काहीलच गाडीत घालून आणली होती. मांडवाबाहेर, ओट्यावर, आमच्या पत्र्यावर सगळीकडं भांडी मांडली गेली. तोंडं आभाळाकडं. माणसांचीही. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली तेव्हा नवरा-नवरीकडं एकही माणूस बघत नव्हता, सगळे माना वर करून उभे. अक्षता कुठंही पडत होत्या, बऱ्याचशा नवरदेवाच्या काकाच्या फेट्यात. नवरदेवसुद्धा वर बघत होता. भावजी स्वभावानं गरीब, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की वीज चमकली की लगेच हार घाल. खाली बघत होती ती एकटी आक्का, डाग पडलेल्या साडीत, पाटावर.

शुभमंगल झालं. पाऊस आला नाही. लोक जेवले आणि थांबले. पुन्हा भूक लागेपर्यंत थांबले. अन्न संपलं, घोटभर पाणी होतं तेही संपलं, भांडी तापून त्यांना हात लावता येईना. ऊन कललं तशी कुजबूज सुरू झाली. शकी खोटी आहे. कढईत खाल्लंच नसणार. नुसती बढाई. आठ दिवसांपूर्वी भर अंगणात तिनं तेच सांगितलं होतं, आणि आता लोक तिला त्याबद्दल दोष देत होते. शेवटी आप्पांनी बाजेवरून निकाल दिला. "पोरीचं मन नव्हतं लग्नात. मन नसलं की लागू पडत न्हाई." गावाला हे ताबडतोब पटलं. लोक आपापल्या घागरी उचलून गेले. निघताना आक्कानं मला आत बोलावलं, ब्लाउजमधून अंबाजोगाईचं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "ठिव," म्हणाली. गाडी निघाली तेव्हा धुरळा इतका होता की वेशीपुढं ती दिसेना.

पाऊस आला तो आणखी तीनेक आठवड्यांनी, एका कुठल्याशा दुपारी, आप्पा घोरत असताना. ते दचकून उठले, ओट्यावर आले आणि ओल्या अंगणाकडं बोट दाखवून म्हणाले, "बघा. जरा येळ लागला, पर पडला का न्हाई?" त्यानंतर मरेपर्यंत ते पाऊस आणणारे आप्पाच राहिले. त्यांच्या दहाव्याला आलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसत सांगितलं, आपल्या घरची पोर दिली गावासाठी. मी तिथंच होते. आप्पांनी दिली ती पोर दादांची होती, एवढं म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

हे सगळं आत्ता का आठवावं, तर गेल्या महिन्यात आमच्या गावी एक मोठी पांढरी गाडी आली. काच वर, आत थंड हवा, इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर बसलेला. उतरलेल्या साहेबांनी मंदिरासमोर फलक लावला आणि बायकांना गोळा करून सांगितलं, हवामान आपल्या हातात आहे, प्रत्येकानं रोज एक छोटी कृती करा. दात घासताना नळ बंद ठेवा. आमच्या गावचा नळ आठवड्यातून एकदा येतो, तो बंद ठेवायची फिकीर वरचे लोकच करतात. चुलीचा धूर कमी करा. मग एका खड्ड्यात रोप लावून फोटो काढला. त्या खड्ड्यात दर साली रोप लागतं, खड्डा आता सवयीचा झालाय.

कुणी असं समजू नये की मला शास्त्र मान्य नाही. माणसांच्या वागण्यानं हवा बिघडते हे आता शिकलेले लोक मोजून सांगतात आणि मला ते पूर्ण पटतं. मी स्वतः माझ्या हातानं लिहिलेले आकडे बघितलेत. महिनाभराचा पाऊस एका दुपारी कोसळून जातो, हरभरा काढणीला आला की गारा पडतात. आप्पांचं कुऱ्हाडीचं एकेक फांदीचं काम हीसुद्धा छोटी कृतीच होती, आणि गावागावांतल्या तसल्या आप्पांनी मिळून काहीतरी केलं असणारच. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. हवा सुधारायची छोटी कृती कायम त्यांच्याकडून मागतात ज्यांना नाही म्हणता येत नाही. तेव्हा बेडूक, शेळी आणि आक्का. आता ह्या बायका. गाडीचं इंजिन बंद करा, असं साहेबांना सांगायची छोटी कृती त्या दिवशी मी केली. ते हसले, "मॅडम, बाहेर फार गरम आहे हो."

आक्का सासरी नांदली. काही वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीलाही गेली. वस्तीवर कुणी बाळंतीण अडली की लोक तिला बोलवत, शिकलेली म्हणून. दादांना तिनं एकच निरोप पाठवला होता, इमलला शाळेतनं काढू नका. दादांनी तो पाळला. अपराधी माणसं आज्ञा फार चांगली पाळतात. मी शिकले, नोकरीला लागले, पंचविसाव्या वर्षी माझ्या पसंतीनं माझं लग्न ठरलं. मुहूर्त वैशाखातला, भर दुपारचा, त्याच अंगणात.

आक्का आदल्या दिवशी एस.टी.नं आली. दोन पोरं, एक पिशवी आणि भावजींची काळी छत्री, एक काडी मोडलेली. वैशाखात छत्री बघून गल्लीतल्या बायका हसल्या. ऊन लई हाय, असं आक्कानं त्यांना सांगितलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ती माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि तिनं ती छत्री माझ्या डोक्यावर उघडली. लोकांना वाटलं बहिणीची माया. मला काय ते कळलं. चौदा वर्षांत ती त्या दुपारबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

"आक्का, नको गं," मी पुटपुटले.

"राहू दे," ती माझ्या कानाशी म्हणाली. "कढईत तू खाल्लंस. आज पडायचा तो तुझा पाऊस हाय. भिजू नाही म्हणून आणलीय."

मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं आप्पांचं शास्त्र खरं ठरावं म्हणून जीव तोडून विनवलं. चार थेंब पडू देत. मांडव उडू दे, नवरा भिजू दे, हिचं जे गेलं ते निदान कशासाठी तरी गेलं, एवढं तरी होऊ दे. आभाळ पांढरं फटक होतं. शेवटच्या अक्षता पडल्या. आक्कानं छत्रीबाहेर हात काढला, तळवा वर करून बराच वेळ धरला. त्यावर उसाच्या पाचटानं कापल्याचे जुने व्रण होते. मग तिनं हात आत घेतला, छत्री मिटली आणि मोडकी काडी नीट आत खोचली.

"तुझ्यानं बी न्हाई पडला की गं, इमल," ती म्हणाली. "मंग मला कशापायी धाडलं?"

तेवढ्यात वाजंत्र्यांनी जोर धरला, त्यामुळं ते दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.